नाकाच्या शेंड्यावरचा फोड : चेहऱ्यावरची नागीण आणि माझा डावा डोळा

परवा 11 एप्रिलला माझी वर्षभराची गोळी संपली. नागिणीच्या व्हायरसवरची व्हॅलासायक्लोव्हिर, 1000 मिलिग्रॅम, रोज एक, सकाळी नाश्ता झाला की. रिकामी स्ट्रिप हातात घेऊन थोडा वेळ तशीच बसले आणि ठरवलं की आता हे सगळं लिहून काढायचं. जानेवारी 2024 मध्ये रात्री दोन वाजता मी एका डोळ्याने मोबाईलवर 'चेहऱ्यावर नागीण डोळा' असं टाईप करून शोधत होते, तेव्हा मला मराठीत जे सापडलं ते म्हणजे काव कशी लावायची आणि वेढा पूर्ण होऊ द्यायचा नाही, एवढंच. तेव्हा माझं वय 54, कराडला एका पतसंस्थेत हिशोबाचं काम करते. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधांची नावं वाचून कुणी आपल्या मनाने काही सुरू करू नका, मी फक्त माझं काय काय झालं ते क्रमाने सांगतेय.

11 जानेवारीला, गुरुवारी सकाळी, केस विंचरताना डावीकडे डोकं दुखलं. आत नाही, वरून, केसांच्या मुळाशी. कंगवा लागला की चटका बसल्यासारखं. वाटलं सर्दी साठली असेल. शुक्रवारी कपाळाची डावी बाजू जळजळायला लागली आणि तिथे पदर लागला तरी नको वाटायचं, पण दिसायला काहीच नाही. शनिवारी 13 तारखेला सकाळी सातला आरशात बघितलं तर डाव्या भुवईच्या वर लाल पुरळ, त्यात बारीक पाण्याचे दाणे. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले रात्री काहीतरी चावलंय ताई, मलम आणि अॅलर्जीची गोळी दिली, दीडशे रुपये. त्यांनाही दोष देत नाही, पहिल्या दिवशी ते खरंच किडा फिरल्यासारखंच दिसत होतं. पण एक गोष्ट मला तेव्हाच खटकली होती, की सगळे दाणे कपाळाच्या मध्यापर्यंत येऊन थांबलेत, पट्टी ठेवून रेघ मारावी तसे, उजवीकडे एकही नाही. किडा काय अर्धंच कपाळ बघून चालतो का. हे मी डॉक्टरांना बोलून दाखवायला हवं होतं.

रविवारी भोगी. डावा डोळा सुजून बंद झालेला, बाजरीच्या भाकऱ्या शेजारच्या काकूंनी करून आणल्या आणि मला बघून तिथेच थांबल्या. "अगं बाई, ही तर नागीण." त्यांनी यांना सांगून लगेच जवळच्या गावातल्या एका म्हाताऱ्या बाबांकडे नेलं, ते नागीण उतरवतात. त्यांनी काव उगाळून कपाळाला लावली, कडुलिंबाचा पाला फिरवला, काहीतरी पुटपुटले, पैसे घेतले नाहीत. माणूस अगदी मायेचा होता आणि त्या गार लेपाने मला तासभर बरंही वाटलं, हे मी नाकारणार नाही. पण त्या लेपाखाली काय चाललंय ते कुणाला दिसणार नव्हतं आणि आमचा अख्खा दिवस गेला.

संक्रांतीच्या दिवशी, 15 तारखेला, नाकाच्या शेंड्यावर डावीकडे एक फोड आला. एवढासा, मोहरीएवढा. कपाळावर एवढं सगळं असताना मला त्याचं काही वाटलं नाही. संध्याकाळी हे दुखण्याची गोळी आणायला मेडिकलमध्ये गेले, तिथल्या पोराने विचारलं कुणाला आणि काय झालंय, यांनी मोबाईलवर माझा फोटो दाखवला. तो म्हणाला, "काका, नाकावर पण आलंय ना, मग उद्या सकाळी पहिल्यांदा डोळ्याच्या डॉक्टरांकडे न्या. स्किनवाल्याकडे नंतर." त्या मुलाचे उपकार मी विसरणार नाही.

मंगळवारी 16 ला डोळ्याच्या डॉक्टरांकडे. मॅडमनी आधी नाकच बघितलं. मग नीट समजावून सांगितलं ते मी तुम्हाला माझ्या शब्दात सांगते. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या की तो व्हायरस शरीरातून जात नाही, नसांच्या मुळाशी गाठीत जाऊन गप्प बसतो, चाळीस-पन्नास वर्षं. वय, ताण, आजारपण, प्रतिकारशक्ती कमी होणं अशा कशाने तरी तो एका नसेतून परत बाहेर पडतो, ती नागीण. जी नस त्याने धरली तेवढाच पट्टा, आणि नस एका बाजूची म्हणून पुरळही एकाच बाजूला. वेढा पूर्ण झाला की माणूस जातो हे आपण ऐकत आलो, पण मुळात एका बाजूची नस दुसऱ्या बाजूला जातच नाही तर वेढा पडणार कसा. आता चेहऱ्याच्या नसेची जी वरची फांदी आहे ती कपाळ, पापणी आणि डोळा या सगळ्यांना जाते, आणि तिचीच एक बारीक शाखा डोळ्याच्या आत जाते आणि नाकाच्या शेंड्यालाही. म्हणून नाकाच्या शेंड्यावर फोड म्हणजे डोळ्यात शिरलं असण्याची दाट शक्यता. हे हचिन्सन नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकातच लिहून ठेवलंय आणि आजही ती खूण त्यांच्याच नावाने ओळखतात. नाकावर फोड नसला तरी डोळा बिघडू शकतो, त्यामुळे कपाळावर किंवा पापणीवर नागीण दिसली की डोळा तपासायचाच, असं मॅडमनी दोनदा सांगितलं.

हनुवटी टेकवायच्या मशीनवर बसवलं. डोळा उघडायलाच येत नव्हता, सिस्टरनी दोन बोटांनी उघडून धरला. केशरी कागदाची पट्टी डोळ्याला लावली, निळा लाईट टाकला, बुबुळावर जिथे जखम असते तिथे हिरवं चमकतं. माझ्या बुबुळावर फांद्यांसारखे दोन-तीन चट्टे होते. गोळ्या सुरू, व्हॅलासायक्लोव्हिर 1000 दिवसातून तीनदा सात दिवस, पाणी भरपूर प्यायचं कारण किडनीवर लोड येतो, म्हणून आधी क्रिएटिनिनची टेस्ट. सोबत शुगर आणि एचआयव्ही. एचआयव्ही म्हटल्यावर हे एकदम गप्प झाले. मॅडम म्हणाल्या, प्रतिकारशक्ती कमी होण्याचं काही कारण आहे का ते बघायचं असतं, बाकी काही नाही. निगेटिव्ह आली, शुगर बॉर्डरवर निघाली. टेस्टचे अकराशे, गोळ्यांचे दोन हजारांच्या आसपास, तपासणी पाचशे.

या गोळ्या पुरळ आल्यापासून 72 तासांच्या आत सुरू झाल्या तर सगळ्यात जास्त उपयोग होतो. मी घरी येऊन बोटांवर मोजलं. शनिवार सकाळी सात ते मंगळवार दुपारी एक, 78 तास. सहा तास. किती रात्री मी त्या सहा तासांचा हिशोब करत होते ते माझं मला माहीत. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, नवीन फोड येतायत तोपर्यंत द्यायच्याच, आणि उशीर झालाय म्हणून घेतल्याच नाहीत असं कधी करायचं नाही.

माझी लेक तेव्हा पाच महिन्यांची गरोदर, संक्रांतीनिमित्त माहेरी यायची होती. तिला लहानपणी कांजिण्या झाल्याच नव्हत्या. नागिणीच्या फोडांतल्या पाण्यातून दुसऱ्याला नागीण होत नाही, पण ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत त्याला कांजिण्या होऊ शकतात, आणि गरोदरपणात ते धोक्याचं. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत तिला लांब ठेवायला सांगितलं. ती पुण्याहून निघालेलीच होती, तिला साताऱ्याला नणंदेच्या घरी उतरवलं. घरात कुणी गरोदर असेल, तान्हं बाळ असेल किंवा कुणाची केमो वगैरे चालू असेल तर हे पहिल्या दिवशीच लक्षात घ्या.

दुखणं कसं होतं ते सांगणं अवघड आहे. विजेचा झटका, मग जळजळ, मग खाज, की खाजवावं तर झटका. पंख्याचा वारा लागायचा नाही. नसेच्या दुखण्यावरच्या प्रीगाबॅलिनच्या गोळीने झोप आली पण सकाळी भिंत धरून चालायला लागायचं. रात्री घेतली की उठताना एकदम उठू नका, आधी पलंगावर बसा. ते दुखणं जूनपर्यंत पुरलं, कमी कमी होत.

फेब्रुवारीच्या 1 तारखेला कामावर गेले. खपल्या पडल्या होत्या, डोळा उघडला होता, सगळे म्हणाले सुटलीस. मीही तेच समजत होते. 14 ला संध्याकाळी रजिस्टर लिहिताना ट्यूबलाईटभोवती इंद्रधनुष्यासारखं कडं दिसलं. उजवा डोळा झाकून बघितलं तर आकड्यांवर धूर. 3 आणि 8 एकच. सवय म्हणून सांगते, रोज सकाळी एकेक डोळा झाकून कॅलेंडरवरची तारीख वाचा, दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईटाचं सगळं झाकून नेतो, मला वाटतं तीन-चार दिवस आधीच धूर आला असेल.

कराडच्या मॅडमनी डोळ्याच्या आतलं प्रेशर मोजलं, 38. नॉर्मल 10 ते 21. बुबुळाच्या आतल्या थरात सूज आणि डोळ्याच्या आत दाह. व्हायरस थंडावला तरी शरीर त्याच्या उरलेल्या अंशाशी भांडत राहतं आणि त्या भांडणात डोळ्याचं नुकसान होतं, असं काहीसं. त्यांनी पुण्याला मोठ्या हॉस्पिटलला चिठ्ठी दिली. 20 फेब्रुवारी, मंगळवार, पहिली वारी. पहाटेची एसटी, बायकांना अर्धं तिकीट म्हणून माझं जाऊन-येऊन अडीचशेच्या आत, यांचं पूर्ण. नवीन केसपेपरचे आठशे. सकाळी नऊला नंबर लावला आणि सव्वातीनला बाहेर आलो. बाहुली मोठी करायचं औषध घातलं की पुढचे काही तास नीट दिसत नाही आणि ऊन सहन होत नाही, त्यामुळे एकटं जाऊ नका, डबा आणि काळा गॉगल बरोबर असू द्या.

औषधं चार प्रकारची. स्टेरॉईडचा ड्रॉप दिवसातून आठ वेळा, बाटली दुधासारखी पांढरी, तळाशी औषध बसतं म्हणून दर वेळी नीट हलवायची, मला हे तिसऱ्या आठवड्यात कळलं. प्रेशरचे दोन ड्रॉप. बाहुली मोठी ठेवायचा एक. आणि प्रेशरची पोटात घ्यायची गोळी, तिने बोटांना मुंग्या यायच्या. दोन ड्रॉपमध्ये पाच मिनिटं सोडायची, घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने मिनिटभर दाबून धरायचा. यांनी एका फुलस्केपवर तक्ता काढून फ्रिजला लावला आणि प्रत्येक ड्रॉपला मोबाईलचा अलार्म. नातं टिकवायचं असेल तर अलार्मचा आवाज सौम्य ठेवा, दिवसाला सोळा वेळा वाजतो.

मार्चच्या मध्यात प्रेशर 17 वर आलं, धूर विरला, डोळ्याची लाली गेली. स्टेरॉईड आता आठवरून चार, मग तीन, मग दोन, असं महिनोन्महिने हळूहळू उतरवायचं होतं. आणि इथे माझी चूक झाली. 24 मार्चला बाटली संपली. पतसंस्थेत मार्च एंड, रात्री नऊ-नऊ वाजेपर्यंत बसत होते, डोळा दुखत नव्हता, लाल नव्हता, म्हटलं 31 होऊ दे मग आणू. मग आणलीच नाही. 8 एप्रिलला परत धूर, या वेळी दाट. 12 एप्रिलला पुण्यात तपासलं, डावा डोळा 6/60, म्हणजे तक्त्यावरचं सगळ्यात वरचं मोठं अक्षर तेवढं.

त्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी एक टेस्ट केली. कापसाची बारीक वात करून उजव्या बुबुळाला हलकेच लावली, मी दचकले, डोळा मिटला. डावीकडे लावली. मी वाट बघत होते. ते म्हणाले, लावून झालं. मला काहीच कळलं नव्हतं. व्हायरसने बुबुळाची संवेदनाच मारली होती. म्हणजे मार्चमध्ये मी 'दुखत नाही' म्हणून निवांत होते, ते दुखणार कसं होतं. डॉक्टर म्हणाले, "तुमचा डोळा आता तुम्हाला सांगणार नाही, तुम्हालाच रोज बघायला लागेल." धूळ गेली, पापणीचा केस टोचला, जखम झाली, कळणार नाही. आणि त्या नसांकडून बुबुळाच्या पेशींना जे पोषण मिळतं तेही कमी झालेलं, म्हणून जखम झाली तर भरून यायलाही वेळ.

त्याच दिवशी ही वर्षभराची गोळी सुरू झाली. पुन्हा उलटू नये म्हणून रोज 1000. महिन्याचे अडीच हजार, थोडा विचार केला, पण केली सुरू. अमेरिकेत याच डोसवर मोठा अभ्यास तेव्हा चालू होता, त्याचे निकाल ऑक्टोबर 2024 मध्ये जाहीर झाले, 18 महिन्यांचा हिशोब धरला तर डोळ्याचा त्रास उलटण्याचं किंवा वाढण्याचं प्रमाण गोळी घेणाऱ्यांत 26 टक्क्यांनी कमी. पुण्याच्या डॉक्टरांनी नोव्हेंबरात मला हे सांगितलं तेव्हा अर्धी वाट चालून झाली होती, बरं वाटलं. प्रत्येकाला ही गोळी लागतेच असं नाही, किडनी बघून आणि केस बघून ठरवतात.

19 मे ला नात झाली. मी तिला पहिल्यांदा बघितलं ते उजव्या डोळ्याने, डावीकडे गॉगलखाली सगळं दुधी. हातात घेताना अंदाज चुकेल म्हणून मी आधी पलंगावर बसले आणि मग तिला मांडीवर ठेवायला सांगितलं.

जूनच्या सुरुवातीला डोळा थोडा लालसर झाला, पाणी यायला लागलं. दुखणं शून्य. यांनी रोजच्यासारखा सकाळी टॉर्च मारून मोबाईलवर फोटो काढला आणि कालच्या फोटोशी जुळवला तर बुबुळावर एक मळका ठिपका. 4 जूनला पुण्यात. लोकसभेचा निकाल होता, वेटिंग हॉलमध्ये सगळे टीव्हीकडे माना करून, आणि मी आत निळ्या लाईटखाली. हिरवी चमक चार मिलिमीटरची. एवढी जखम आणि मला पत्ता नाही. जर फोटोची सवय नसती तर भोक पडेपर्यंत कळलं नसतं, असं ज्युनियर डॉक्टर बोलून गेले. ज्यांच्या बुबुळाची संवेदना गेलीय त्यांनी हे फोटोचं नक्की करा, एकाच खिडकीपाशी, एकाच वेळी.

आधी आठवडाभर बँडेजसारखी मऊ कॉन्टॅक्ट लेन्स आणि बिनप्रिझर्व्हेटिव्हचे ड्रॉप. भरलं नाही. मग 13 जूनला पापणी शिवली. हे ऐकल्यावर मी रडले होते, म्हणून नीट सांगते. सगळा डोळा शिवत नाहीत, बाहेरच्या कोपऱ्याकडची एक तृतीयांश वरची-खालची पापणी एकमेकीला टाके घालून जोडतात, म्हणजे बुबुळ कमी उघडं राहतं, सुकत नाही, जखमेला भरायला सवड मिळते. भूल फक्त पापणीला, इंजेक्शन टोचलं तेवढंच, अर्धा तास, संध्याकाळी घरी. बिल 16,800. आतल्या बाजूने दिसत राहतं आणि डोळा बरा झाला की ती जोड सोडवता येते.

त्याबरोबर माझ्याच रक्ताचे ड्रॉप. हातातून रक्त काढतात, त्यातलं पिवळसर सिरम वेगळं करून सलाईनमध्ये मिसळून 20 टक्क्यांचे ड्रॉप करतात, बारीक बाटल्या. डोळ्याच्या पाण्यात जे पोषण असतं तसलंच त्यात असतं. बाटल्या फ्रीजरला, वापरायची ती एक खाली फ्रिजमध्ये आणि आठवड्यात संपवायची. एका खेपेचे चोवीसशे, महिनाभर पुरतात. पुणे ते कराड थर्मासमध्ये बर्फ भरून आणायचो. दुसऱ्या खेपेच्या वेळी, 1 जुलैला, पालख्या पुण्यात मुक्कामाला होत्या, रस्ते बंद, रिक्षा मिळेना, स्वारगेटपर्यंत हे थर्मास छातीशी धरून चालत होते आणि मी त्यांचा शर्ट धरून. कुणीतरी वारकरी बाईने मला पाणी दिलं आणि डोळ्याकडे बघून "माउली, बरी होशील" म्हणाली. पावसाळ्यात लाईट जाते तेव्हा फ्रीजर उघडू नका, आणि लांबली तर शेजारी कुणाकडे इन्व्हर्टरवर फ्रिज चालतो ते आधीच विचारून ठेवा.

26 जुलैला जखम पूर्ण भरली. पण मधोमध फूल पडलं. आमच्या आजीच्या भाषेत डोळ्यात फूल पडणं, पांढुरका डाग.

आता मेडिक्लेमचं, कारण यात मी चार महिने घातलेत. ओपीडी, ड्रॉप, गोळ्या यातलं काही आमच्या पॉलिसीत बसत नव्हतं, फक्त 13 जूनची प्रोसिजर डे केअरमध्ये बसत होती. 27 जूनला कागद दिले. 9 ऑगस्टला पत्र आलं, पापणीची शस्त्रक्रिया कॉस्मेटिक असल्याने दावा नामंजूर. मी ते पत्र दोनदा वाचलं. मग डॉक्टरांकडून एक पत्र घेतलं, त्यात आजाराचं पूर्ण नाव, जखमेची मिलिमीटरमधली मापं तारखेसह, आधी कोणते उपाय केले आणि ते का पुरले नाहीत, आणि पापणी शिवली नसती तर बुबुळाला भोक पडण्याचा धोका होता, हे सगळं. कंपनीच्या तक्रार विभागाला ईमेल, सोबत निळ्या लाईटमधले फोटो. विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींसाठीच्या सरकारी बिमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाकून नंबर घेतला. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालांकडे जाता येतं, त्यांचं ऑफिस पुण्यात आहे, फी लागत नाही, वकील लागत नाही. मी अर्ज लिहून तयार ठेवला होता पण तिथपर्यंत जायची वेळ आली नाही, 14 ऑक्टोबरला 15,350 जमा झाले. माझं सांगणं एवढंच की ऑपरेशनच्या दिवशीच डिस्चार्ज कार्डावर कारण स्पष्ट लिहून मागा. नुसतं शस्त्रक्रियेचं नाव लिहिलं की वाचणाऱ्याला त्यामागचं दुखणं दिसत नाही.

पापणीची जोड नोव्हेंबरात अर्धी सोडवली, कोपऱ्यात थोडी ठेवलीय. कामावर मी ऑगस्टपासून परत जाते. फिटनेस सर्टिफिकेट दिलं, आकड्यांची कामं सुरुवातीला दुसऱ्या बाईंकडून तपासून घ्यायचे, आता गरज पडत नाही. चष्मा लावून डावीकडून 6/24 दिसतं. एका डोळ्यावर आलं की लांबी-खोलीचा अंदाज जातो, चहा ओतताना किटलीची तोटी कपाच्या कडेला टेकवून मगच ओतायची, जिना उतरताना कठड्याला हात, सुईत दोरा ओवायला ती छोटी पत्र्याची ओवणी. स्कूटी मी अजून घेतलेली नाही. बुबुळ बदलण्याबद्दल विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले संवेदना नसलेल्या डोळ्यात नवीन बुबुळ बसवलं तरी तेही असंच उघडं पडतं, भरत नाही, घाई करायची नाही, आधी डोळा शांत राहू दे. त्यावर एक कडक लेन्सचा पर्याय आहे तो पुढच्या वेळी बघणार आहोत.

नागिणीची लस आहे हे मला सगळं होऊन गेल्यावर कळलं. भारतात 2023 पासून मिळते, 50 च्या वरच्यांसाठी, दोन डोस दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने, आणि महाग आहे. यांनी घेतली तेव्हा एकेक डोस दहा हजारांच्या वर होता, दुसऱ्या दिवशी ताप आणि दंड जड. माझी कधी घ्यायची ते डॉक्टर डोळा बघून ठरवणार आहेत.

परवाच्या 11 एप्रिलच्या तपासणीत प्रेशर 15, दाह नाही, डाग होता तसाच. शेवटी डॉक्टरांनी परत कापसाची वात काढली. वरून लावली, काही नाही. मधे लावली, काही नाही. मग खालच्या कडेला. मी म्हटलं, "टोचलं." ते थांबले आणि म्हणाले परत सांगा, आता मी न सांगता लावतो. मी समोरच्या हिरव्या दिव्याकडे बघत राहिले. आणि पुन्हा, अगदी हलकं, खाली कुठेतरी, टोचलं.